सूचनेची चौकट

मी ज्या ॲपवर गोष्टी लिहितो, तिथं नवीन कथा टाकताना तीन चौकटी भराव्या लागतात. पहिलीत कथेचं नाव. दुसरीत ‘कथेविषयी थोडक्यात’. तिसरीत ‘वाचकांसाठी सूचना’. पहिल्या दोन भरल्याशिवाय ॲप पुढं सरकत नाही. तिसरी रिकामी ठेवली तरी चालते, आणि मी ती चार वर्षं रिकामीच ठेवत आलो होतो.

मी लिहितो त्या दोन पुरुषांच्या प्रेमाच्या गोष्टी. मराठीत आणि टोपणनावानं. दौंडला मी राहतो त्या इमारतीत मला ‘कंपनीवाले’ म्हणतात. कुरकुंभच्या कंपनीत ‘क्यूएवाले साहेब’. आणि शिरूर तालुक्यातल्या निमोण्यात, म्हणजे माझ्या गावात, ‘बिनलग्नाचा’. लेखक म्हणून मला ओळखणारे सगळे त्या ॲपच्या आत राहतात. त्यातल्या एकाचाही चेहरा मी पाहिलेला नाही.

या वाचकांना सगळं आधी हवं असतं. एका कथेसाठी मी थोडक्यात असं लिहिलं होतं: ‘दोन मित्र. एक विहीर. एक गुपित.’ मला स्वतःलाच ते इतकं आवडलं की मी दोन कप चहा प्यायलो. दहा मिनिटांत पहिली कमेंट आली, ‘विहीर म्हणजे नक्की काय? कुणी जीव देतं का? स्पष्ट लिहा, मला त्रास होतो.’ पाठोपाठ दुसरी, ‘शेवट गोड आहे ना?’ मग तिसरी, ‘घरचे मारहाण करतात का? कितव्या भागात?’ मी चरफडत खाली एक ओळ वाढवली, ‘विहिरीत फक्त पोहतात.’ त्या एका ओळीला अख्ख्या कथेपेक्षा जास्त बदाम, म्हणजे पसंतीची लाल चिन्हं, मिळाले.

पंगतीत बसलेल्या माणसानं आमटीत मीठ बेताचं आहे, असं आचाऱ्याकडून लिहून घेऊनच घास उचलावा, तसला हा प्रकार मला वाटायचा. मी तसं एकदोघांना सुनावलंही. पण खरं सांगायचं तर मीही त्यातलाच. दुसऱ्या कुणाची अशी गोष्ट हाताला लागली, की मी आधी शेवटचा भाग उघडतो. दोघं जिवंत आहेत का बघतो. एकाचं भलतीकडं लग्न लागलेलं नाही ना बघतो. मगच पहिल्या भागाकडं वळतो. आमच्यासारख्यांच्या गोष्टी इतक्या वर्षं फास, औषधाची बाटली नाहीतर मुंडावळ्या यांवरच संपत आल्यात. पाण्यात उतरण्याआधी पायानं अंदाज घ्यायची सवय लागते. हे मला वाचक म्हणून कळत होतं, लेखक झाल्यावर मात्र माझा अहंकार आडवा यायचा.

त्यात गंमत म्हणजे माझं कामच सूचनांचं आहे. आमच्या कंपनीत औषधांचा कच्चा माल तयार होतो. ड्रमवर लावायची लेबलं छापायला जाण्याआधी गुणवत्ता तपासणीच्या माझ्या टेबलावरून जातात. ‘डोळ्यांना अपायकारक’, ‘उष्णतेपासून दूर ठेवा’. त्यातला एक शब्द राहिला तर मी माल गेटबाहेर जाऊ देत नाही, मग मॅनेजर कितीही तणतणू दे. घरी आलो की तोच मी म्हणायचो, वाचकाला सूचना कशाला हवी?

त्या वाचकांमध्ये एक झेंडूचं फूल होतं. नावाच्या जागी नुसती दोन अक्षरं, चित्राच्या जागी झेंडू. प्रत्येक भागावर त्याची कमेंट यायची, आणि ती दुपारी दीडच्या सुमाराला यायची. मी तेव्हा कॅन्टीनमध्ये असायचो. डबा उघडायच्या आधी मी मोबाईल उघडायचो. एकदा त्यानं लिहिलं, ‘तिसऱ्या भागात तो आल्याचा चहा पीत नव्हता, नवव्यात प्यायला लागलाय. त्याच्यासाठी का?’ त्याच्यासाठीच होतं ते. पण मी ते कुठंही सांगितलं नव्हतं. माझ्या चहात आलं असतं की नसतं, हे जगात कुणालाच माहीत नव्हतं, आणि इथं माझ्या एका खोट्या माणसाच्या चहाची कुणीतरी नोंद ठेवत होतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला.

मी फार एकटा आहे. सुट्टीच्या दिवशी दूधवाल्याशी बोललेलं एक वाक्य सोडलं, तर माझ्या तोंडून शब्द निघत नाही. एखाद्या सोमवारी कंपनीच्या बसमध्ये ‘गुड मॉर्निंग’ म्हणताना घशात कफ अडकल्यासारखा आवाज येतो. अशा माणसाला दीड वाजताचं एक झेंडूचं फूल पुरतं. मी मनात त्याला एक शरीरही दिलं होतं. चष्मा, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, कुठल्यातरी लांबच्या गावात बँकेत नोकरी.

एक दिवस त्याचा खासगी निरोप आला. ‘एक विनंती. कथेत बायको येणार असेल तर सूचनेत आधी लिहीत चला. मी ती कथा सोडून देत जाईन.’

मला ते लागलं. सोडून देईन म्हणजे काय? मी उत्तर दिलं, ‘सगळं आधीच सांगितलं तर गोष्टीत उरतं काय?’

उत्तर आलं, ‘ज्याला सोसतं त्याच्यासाठी पुष्कळ उरतं.’

मी चौकट रिकामीच ठेवली.

आता ज्याच्यामुळं मी या गोष्टी लिहायला लागलो, त्याच्याविषयी सांगायला हवं. तो निमोण्याचाच. कॉलेजला आम्ही शिरूरला एकाच एसटीनं जायचो. तो इतका बोलायचा, इतका बोलायचा, की कंडक्टर मागं वळून दम द्यायचा, “ए, तोंडाला कुलूप लाव, न्हाईतर उतरवीन.” दम खाल्ला की तो दोन मिनिटं गप्प राहायचा आणि मग माझ्या कानात बोलायला लागायचा. कथेतली ती विहीर त्यांच्याच मळ्यातली. सहा वर्षं आम्ही एकमेकांचे होतो आणि गावाला आम्ही जिगरी दोस्त होतो. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

मग त्याचं लग्न ठरत आलं. आमच्याकडं सोयरीक जुळत आली, की मुलीकडची माणसं मुलाच्या गावात चौकशीला येतात. चौकशी होते, पण तिची उत्तरं ठरलेली असतात. जुळती सोयरीक मोडली तर पाप लागतं, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलेलो. त्यामुळं पिणाऱ्याविषयी गाव म्हणतं, ‘कवातरी सणासुदीला घेतो’, आणि आळशाविषयी म्हणतं, ‘शांत हाय.’ मोडता घालतात ते फक्त भाऊबंद, आणि त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. म्हणून शहाणी माणसं मुलाच्या जवळच्या मित्राला गाठतात.

मुलीचे मामा मला दूध डेअरीसमोर भेटले. पांढरी टोपी, हातात किटली घेतलेल्या लोकांना वाट करून देत बाजूला उभा राहणारा सज्जन माणूस. त्यांनी एकेक विचारलं.

“काय येसन?”

“न्हाई, मामा.”

“भायेर कुठं काय लफडं?”

“न्हाई.”

मामा म्हणाले, “आनिक काय सांगण्याजोगं? आमची पोर लई साधी हाय.”

“पोरगं सोन्यासारखं हाय, मामा,” मी म्हणालो. “डोळं झाकून द्या.”

त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला स्वतःचा अभिमान वाटला, हे लिहितानाही लाज वाटते. मी त्याला वाचवलं असं मला वाटलं होतं. आणि आतून मला असंही वाटलं होतं, की लग्न झालं म्हणजे गावाचं तोंड बंद होईल आणि तो माझाच राहील. त्या साध्या पोरीचा मी विचारच केला नाही. ती माझ्या डोक्यात अंतरपाटापलीकडची एक शालू नेसलेली आकृती होती.

तो माझा राहिला नाही. लग्नानंतर दोन महिन्यांत म्हणाला, “आता नगं. पाप हाय ते.” मी कुरकुंभची नोकरी धरली आणि दौंडला खोली घेतली. तो तिचाही झाला नाही. वर्षातून एखाद्या वेळी गावी गेलो की मी त्यांच्या घरी डोकावतो. वहिनी चहा देते. एकदा कप ठेवताना तिनं विचारलं, “भाऊजी, तुम्ही ह्यांचं जुनं मैतर. हे पयल्यापासनंच असं मुकं मुकं व्हते का?”

“व्हय, वहिनी,” मी म्हणालो. “सोभावच हाय त्याचा.”

तो समोर बसून मोबाईलमध्ये बघत होता. त्यानं मान वर केली नाही.

गेल्या वर्षी मी हे सगळं कथा म्हणून लिहिलं. गाव बदललं, विहीर काढली. विसाव्या भागात बायकोला सगळं कळतं. ती रडत नाही की भांडत नाही. ती शांतपणे बॅग भरते, दोघांचे हात एकमेकांच्या हातात देते आणि निघून जाते. थोडक्यात मी लिहिलं होतं, ‘दोन मित्रांच्या प्रेमाची, गोड शेवटाची कथा.’ सूचना रिकामी. वाचक खूश झाले. ‘किती गोड वहिनी!’ ‘अशी बायको सगळ्यांना मिळो!’ मला एका कथेवर इतके बदाम कधी मिळाले नव्हते.

झेंडू मात्र चौदाव्या भागापासून गप्प होता. चौदाव्या भागात बायको घरात येते. रोज दीड वाजता मी बघायचो आणि डबा उघडायचो. शेवटचा भाग टाकल्यावर चौथ्या दिवशी निरोप आला. तो मी जसा आठवतो तसा लिहितो.

‘ती बॅग कुणी भरली हो? अशी बॅग कुणी भरत नाही. माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली, मी अजून भरलेली नाही. माझ्या काकांनी चौकशी केली होती. ह्यांच्या जवळच्या मित्रालाच विचारलं होतं. तो म्हणाला, मुलगा सोनं आहे. मी या गोष्टी वाचते त्या माझ्या नवऱ्याच्या मनात काय आहे ते कळावं म्हणून. तो सांगत नाही, तुम्ही लोक सांगता. पण गोष्टीत माझ्यासारखी कुणी आली की मला पुढं वाचवत नाही. म्हणून आधी सांगा म्हणत होते. एवढंच.’

चष्मा, दुमडलेल्या बाह्या, सगळं एका क्षणात गेलं. मला वाटलं, ही वहिनीच आहे. मी लिहिलं, ‘तुम्ही कुठल्या?’ पलीकडून आलं, ‘विदर्भातली. घाबरू नका, आपली ओळख नाही.’

मला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग आपल्याला सुटल्यासारखं वाटलं, याची शरम वाटली. सोनं हा शब्द माझा एकट्याचा नव्हता तर. सगळेच मित्र तेच सांगत होते. मी माफीचे चार शब्द जुळवेपर्यंत माझ्या वाचकांच्या यादीतून झेंडूचं फूल गेलेलं होतं.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. कॅन्टीनमध्ये मी मोबाईल पालथा ठेवून जेवायला लागलो. नेमक्या त्याच दिवसांत आक्काचा फोन आला. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आईवडील गेल्यापासून मला तीच आहे. “खुटबावचं स्थळ हाय,” ती म्हणाली. “पोरगी बत्तीसची, केडगावला मेडिकलमधी कामाला हाय. पयलं लगीन मोडलंय, पर पोरगी गुणाची. आता न्हाई म्हणू नगंस, माझ्या गळ्याची शपथ हाय तुला.”

इतकी वर्षं मी नाही म्हणत आलो होतो. या वेळी मी ‘बघू’ म्हणालो. का म्हणालो, ते स्पष्ट सांगतो. दीड वाजता ‘जेवलात का?’ असं विचारणारं कुणीतरी मला हवं होतं. दुसरा काही विचार मी केला नाही. आक्कानं बायोडाटा करून घेतला. वर गणपती, खाली मी. ‘निर्व्यसनी, मनमिळाऊ, पर्मनंट नोकरी.’ मी आजवर लिहिलेल्या कुठल्याही ‘थोडक्यात’पेक्षा तो मजकूर फसवा होता, आणि त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

आठवड्यानं कॅन्टीनमध्येच फोन वाजला. निमोण्याहून, त्याचा होता. कित्येक वर्षांनी.

“आलं व्हतं तुझ्या सोयरिकीचं पाव्हणं,” तो म्हणाला. “चौकशीला. खुटबावचं. मलाच गाठलं.”

“मग?”

“मग काय? तू सांगितलं व्हतं तसंच सांगितलं. पोरगं सोन्यासारखं हाय, डोळं झाकून द्या.” आणि तो हसला. कॉलेजच्या एसटीत हसायचा तसं. मग हळू आवाजात म्हणाला, “तू बी सुटला आता, गड्या.”

त्यानंच फोन ठेवला. समोर डबा उघडा होता, भेंडीची भाजी. त्यानं माझ्यासाठी प्रेमानंच केलं होतं ते, मी त्याच्यासाठी केलं होतं तसंच. मी डबा तसाच बंद केला.

रविवारी आक्का आणि मी खुटबावला गेलो. चौफुल्याला तिनं पेढे घेतले. पोहे झाले, चहा झाला, ऊस आणि पाणी यांच्यावर बोलणं झालं. मग तिचे आप्पा म्हणाले, “जाऊ द्या दोघांना वर. बोलू द्या पाच मिन्टं. आता काळ बदाललाय.”

गच्चीवर जुन्या साड्यांवर मिरच्या वाळत घातल्या होत्या. ती टाकीला टेकून उभी राहिली. साधी, नीटनेटकी, डोळ्यांखाली थोडं काळं. तिनंच सुरुवात केली. “माझं पहिलं लग्न का मोडलं ते तुम्हाला सांगितलंय का?”

“नाही.”

“तो प्यायचा. सकाळपासून. गावात चौकशी केली तवा सगळे म्हणाले, चांगलाय. एकानंबी सांगितलं न्हाई. आता तुमच्याबद्दलबी सगळे चांगलंच सांगत्यात.” ती सरळ माझ्याकडं बघत होती. “म्हणून तुम्हालाच विचारते. आणखी काय सांगण्यासारखं असंल तर आत्ताच सांगा.”

तिच्या तोंडून मामांचा प्रश्न आला. डेअरीसमोर उभा राहिल्यासारखं मला वाटलं. चार वर्षं मी याच विषयावर लिहीत होतो, तरी त्या गच्चीवर मला एक शब्द सापडेना. शेवटी जसं आलं तसं म्हणालो, “माझं प्रेम बाईवर बसत नाही. तुमच्यावर नाही, कुणावरच नाही. ते पुरुषावर बसतं. मी तसाच आहे.”

आयुष्यात पहिल्यांदा मी ते माझ्या आवाजात ऐकलं. खाली कुणीतरी हापसा हापसत होतं.

तिनं वाकून साडीबाहेर गेलेली एक मिरची आत सरकवली. मग म्हणाली, “आक्कांना म्हाईत हाय?”

“नाही.”

“मग आलात कशाला?”

“एकटा राहून कंटाळलो.”

“मीबी,” ती म्हणाली. आणि पदरानं हात पुसून जिन्याकडं वळली.

खाली सगळे आमच्याकडं बघत होते. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, “आप्पा, मला मुलगा पसंत न्हाई.” तिच्या आईचा चेहरा पडला. आप्पा “अगं, पर कारण काय?” म्हणत राहिले. तिनं कारण सांगितलं नाही. ट्रे उचलला आणि आत गेली. लग्न मोडलेल्या बाईनं आलेलं स्थळ नाकारलं, हे खुटबावात किती दिवस बोललं जाईल, ते तिलाही माहीत होतं.

परत येताना आक्का बोलत होती. “दुसरेपणाची असून मिजास बघा! कुठला राजा येनार हाय हिला?”

“आक्का, तिला बोलू नको,” मी म्हणालो. “दोष माझ्यात हाय.”

“कसला दोष?”

“सांगतो कधीतरी.” ‘दोष’ हा शब्द चुकला, हे मला बोलतानाच कळलं. आक्काला मी अजून सांगितलेलं नाही. ती खिडकीबाहेर बघायला लागली. पेढ्यांचा पुडा तिनं घट्ट धरून ठेवला होता.

पुढच्या सुट्टीच्या सकाळी मी ती जुनी कथा उघडली आणि तिसऱ्या चौकटीत लिहिलं: ‘या कथेत एक बायको आहे. लग्नाआधी तिला कुणी काही सांगितलं नाही. ज्याला माहीत होतं त्याला तिच्या मामांनी विचारलं होतं, तरी त्यानं सांगितलं नाही. शेवटी ती बॅग भरते, ते मी रचलेलं आहे. तसं झालेलं नाही.’ थोडक्यातल्या मजकुरातून ‘गोड शेवट’ काढून टाकलं.

वाचक भडकले. ‘सगळा मूड घालवलात.’ ‘आम्ही रडलो ते खोटं होतं का?’ बरेच जण सोडून गेले. मी कुणाला उत्तर दिलं नाही. महिनाभरानं, कॅन्टीनमध्ये, पालथ्या मोबाईलखाली काहीतरी थरथरलं. झेंडूचं फूल. दीड वाजून गेला होता.

‘सूचना वाचली,’ तिनं लिहिलं होतं. ‘कथा पुन्हा वाचणार नाही. पण सांगितलंत, बरं वाटलं.’

त्यानंतर ती आलेली नाही. येणारही नाही, आणि तिनं येऊ नये हेच बरोबर आहे. मी अजूनही दीड वाजता बघतो.

दिवाळीत निमोण्याला जाईन. त्यांच्या घरी डोकावेन. वहिनी चहा ठेवेल आणि कधीतरी पुन्हा विचारेल, की हे पहिल्यापासनंच असे मुके होते का. त्याची गोष्ट त्यानं सांगायची आहे, ती माझी नाही. पण मला विचारलेल्याचं उत्तर माझं आहे. या वेळी मी म्हणणार आहे, “न्हाई, वहिनी. लई बोलायचा तो. कंडक्टर दम द्यायचा, एवढा बोलायचा.”